स्लीप ॲप्निया आणि सीपॅप यंत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास थांबण्याचा आजार आहे. त्यासाठी मी स्वतः नऊ वर्षांपासून रोज रात्री सीपॅप, म्हणजे मास्कवाटे दाबाने हवा देणारे यंत्र, लावून झोपतो. नव्याने निदान झालेली माणसे आणि त्यांचे घरचे लोक या काळात मला जे प्रश्न विचारत आले, ते मी वहीत टिपत गेलो. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे दाब किंवा औषध बदलण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. एक गोष्ट मात्र अनुभवाने सांगतो. यंत्र माळ्यावर टाकून दिलेली जी माणसे मला भेटली, त्यांतील बहुतेकांचा निर्धार कमी पडला नव्हता. कोणाचा मास्क चुकीच्या मापाचा होता, कोणाचा दाब जुळलेला नव्हता, आणि पहिल्या दोन आठवड्यांत विचारावे असे जवळ कोणीच नव्हते.

१. घोरणे म्हणजे गाढ झोप, असेच आम्ही समजत होतो. डॉक्टर त्याला आजार का म्हणतात?

प्रत्येक घोरणे हा आजार नसतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि तिच्यातून जाणाऱ्या हवेमुळे पडजीभ व टाळूचा मागचा मऊ भाग थरथरतो. त्या थरथरीचा आवाज म्हणजे घोरणे. काही माणसांमध्ये ही वाट अरुंद होऊन थांबत नाही, ती मिटूनच जाते. छाती आणि पोट हलत राहते, श्वास घेण्याची धडपड चालू असते, पण हवा आत जात नाही. असा खंड दहा सेकंद किंवा त्याहून अधिक टिकला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातील ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातले काहीही आठवत नाही. घोरण्यात मध्येच शांतता आणि पाठोपाठ धाप, हा क्रम शेजारी झोपणाऱ्यालाच दिसतो. त्याचे दोन मिनिटांचे मोबाईलवरील चित्रण डॉक्टरांना दाखवल्यास फार उपयोग होतो.

रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागणे हेही या आजाराचे लक्षण असू शकते. बंद घशातून हवा ओढण्याच्या प्रयत्नात छातीतील दाब घटतो आणि हृदयाचे कप्पे ताणले जातात; शरीरात पाणी जास्त झाले आहे असा संकेत मिळून हृदय लघवी वाढवणारे संप्रेरक सोडते. अनेक पुरुष याचा दोष वर्षानुवर्षे प्रोस्टेटला देत राहतात.

२. रिपोर्टवर एएचआय ३८ लिहिले आहे आणि पुढे ‘तीव्र’ असा शेरा आहे. हे कितपत गंभीर समजायचे?

झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा लक्षणीय उथळ झाला, त्याची सरासरी म्हणजे एएचआय. प्रौढांमध्ये ५ पेक्षा कमी आकडा सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० पासून पुढे तीव्र मानतात. ३८ म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एक घटना. तरीही ‘तीव्र’ या शब्दाने घाबरून जाऊ नये, कारण तो घटनांच्या संख्येबद्दल आहे. उपचारांना दाद मिळण्याची शक्यता त्याने कमी होत नाही. रिपोर्टमध्ये ऑक्सिजन कमीत कमी किती उतरला आणि ९० टक्क्यांखाली किती वेळ राहिला, या दोन ओळीही डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात.

३. माझी पत्नी सडपातळ आहे, फारशी घोरतही नाही. तरी तिला हा आजार कसा?

वजन हे मोठे कारण असले तरी एकमेव नाही. खालचा जबडा लहान किंवा मागे असणे, जीभ मोठी असणे, टॉन्सिल वाढलेले असणे, घरात हा आजार असणे, यांमुळे बारीक माणसाचीही वाट झोपेत मिटते. स्त्रियांमध्ये लक्षणे बरेचदा वेगळ्या रूपात येतात : सकाळी डोके दुखणे, सतत थकवा, चिडचिड, मधूनच जाग येऊन पुन्हा झोप न लागणे. त्यामुळे त्यांना हिमोग्लोबिन, थायरॉइड किंवा ताण यांच्याच तपासण्या सांगितल्या जातात. रजोनिवृत्तीनंतर धोका वाढतो. ‘दिवसभराच्या कामाने दमली असेल’ हे वाक्य मी असंख्य घरांत ऐकले आहे, आणि त्यापायी वाया गेलेली वर्षे पाहून वाईट वाटते.

४. घरी केलेली झोपेची चाचणी नॉर्मल आली, पण दिवसा झोप आवरत नाही. आता काय?

घरच्या साध्या चाचणीत बहुधा मेंदूच्या लहरी नोंदवल्या जात नाहीत. त्यामुळे घटनांची संख्या प्रत्यक्ष झोपेच्या तासांनी न भागता यंत्र चालू असलेल्या एकूण तासांनी भागली जाते. तुम्ही आठ तासांपैकी तीन तास जागेच असाल, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. लक्षणे ठळक असताना घरची चाचणी नॉर्मल आली, तर प्रयोगशाळेत रात्रभर राहून करायची पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे मेंदूच्या लहरींसह झोपेची तपासणी, करावी.

५. यंत्रातून ऑक्सिजन मिळतो का? कोविडच्या काळात घेतलेला कॉन्सन्ट्रेटर घरी पडून आहे, तो चालेल का?

सीपॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा गाळून घेते आणि ठरावीक दाबाने नाकावाटे सोडते. फुग्यात हवा असेपर्यंत त्याच्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत, तसा हा दाब घशाची वाट आतून उघडी धरून ठेवतो. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी ही पद्धत शोधली आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला; त्यापूर्वी तीव्र आजारात गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता. बहुतेक घरगुती यंत्रांचा दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका असतो.

कॉन्सन्ट्रेटरचे काम अगदी वेगळे आहे. मिटलेली वाट ऑक्सिजनने उघडत नाही. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा सुधारलेला दिसेल, पण श्वास थांबतच राहील, काहींमध्ये तो अधिक वेळ थांबेल, आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका राहील. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो वापरू नये.

६. एकदा यंत्र लावले की शरीराला त्याची सवय लागते, असे नातेवाईक म्हणतात. हे खरे आहे का?

चष्म्याने डोळ्यांना जितकी ‘सवय’ लागते तितकीच. यंत्रामुळे घशाचे स्नायू दुबळे होत नाहीत. यंत्र बंद केले की काही रात्रींतच आजार पूर्वीसारखा दिसू लागतो, कारण यंत्राने तो बरा केलेला नसतो, फक्त त्या त्या रात्री थोपवून धरलेला असतो. कायमची सुटका शक्य आहे का, याचे उत्तर प्रश्न १३ मध्ये आहे.

७. साधे सीपॅप, ऑटो सीपॅप आणि बायपॅप यांतले कोणते घ्यावे? जुने यंत्र स्वस्तात मिळत आहे, ते घेऊ का?

साधे यंत्र रात्रभर एकच दाब देते. ऑटो यंत्र ठरवून दिलेल्या मर्यादेत गरजेप्रमाणे दाब वरखाली करते. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देते. खूप जास्त दाब लागणाऱ्यांना, किंवा लठ्ठपणामुळे अथवा फुफ्फुसांच्या आजारामुळे कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना ते सांगितले जाते. महाग म्हणजे चांगले असा हिशेब येथे लागू नाही. शक्य असेल तर आधी यंत्र भाड्याने घेऊन पाहावे आणि वाचलेले पैसे मास्कवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या यंत्राबाबत सावध राहावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो यंत्रे परत मागवली, कारण आतला आवाज शोषणारा फोम झिजून त्याचे कण व वायू श्वासात जाण्याची शक्यता होती. अशी यंत्रे हातोहात फिरत राहतात. जुने घ्यायचेच असेल, तर मॉडेल व अनुक्रमांक तपासावा, आतापर्यंत किती तास चालले ते पाहावे, दाब तुमच्या चिठ्ठीप्रमाणे लावून घ्यावा, आणि मास्क व नळी मात्र नवीच घ्यावी.

८. मास्क कोणता निवडावा? मला मिशी आहे.

नाकपुड्यांना टेकणाऱ्या छोट्या मऊ उशा, नाक झाकणारा मास्क आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, असे तीन मुख्य प्रकार आहेत. नाकाने श्वास घेता येत असेल, तर पहिल्या दोघांपैकी एकाने सुरुवात करावी. नाक-तोंड झाकणाऱ्या मोठ्या मास्कला जास्त दाब लागू शकतो आणि त्यातून हवाही जास्त गळते. दाट मिशी असणाऱ्यांना नाकपुड्यांच्या उशा बहुधा बऱ्या पडतात. मास्क नेहमी आडवे पडून, यंत्र चालू ठेवून बसवावा, कारण झोपल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. हवा गळते म्हणून पट्टे आवळत जाणे ही सर्वांत सामान्य चूक आहे : मास्कची गादी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी मऊ कड, चेपली की ती नीट फुगत नाही, गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते. पट्ट्याखाली दोन बोटे सरकतील इतकाच ताण असावा.

९. मास्क लावताच जीव गुदमरतो. तीन रात्री प्रयत्न केला, आता भीतीच बसली आहे. काय करू?

सर्वाधिक लोक हाच प्रश्न विचारतात, आणि अनेकांची यंत्रे माळ्यावर जातात ती याच टप्प्यावर. तुम्ही एकटे नाही आणि तुमचे काही चुकलेले नाही. चेहऱ्यावर काही बांधून, समोरून वारा येत असताना झोपायचे, हे शरीराला अनोळखी आहे. त्याची ओळख रात्री अकरा वाजता, दमलेल्या अवस्थेत करून देणे अवघड जाते. म्हणून ती दिवसा करून द्यावी.

पहिले दोन-तीन दिवस मास्क नळीशिवाय नुसता हातात धरून नाकाला लावावा आणि बातम्या किंवा मालिका पाहत बसावे. भीती वाटली तर लगेच काढता येतो, हे मनाला पटणे महत्त्वाचे असते. नंतर पट्टे लावून तसेच बसावे. पुढे नळी जोडून, यंत्र चालू करून, खुर्चीत बसूनच पंधरा-वीस मिनिटे वाचन करावे. त्यानंतर दुपारच्या वामकुक्षीला लावून पाहावे आणि मग रात्री. एखाद्या पायरीवर चार दिवस अधिक लागले, तर लागू द्यावेत. माझ्या स्वतःच्या बाबतीत खुर्चीतल्या पायरीलाच आठवडा गेला होता.

यंत्रातही दोन सोयी असतात. ‘रॅम्प’ चालू केला की दाब कमी पातळीवर सुरू होऊन हळूहळू वाढतो. श्वास सोडताना दाब उतरवण्याची दुसरी सोय निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी देतात. उलट, काहींना रॅम्पमधला ४ सेंटिमीटरचा दाबच अपुरा वाटतो आणि हवा कमी पडल्यासारखे होते. त्यांनी सुरुवातीचा दाब थोडा वाढवून देण्याची विनंती डॉक्टरांना करावी. मास्कच्या समोरील बारीक छिद्रांतून येणारी हवा ही गळती समजून त्यांवर चिकटपट्टी लावू नये, कारण तुमचा उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो.

झोपेतच मास्क काढून टाकण्याची तक्रारही अशीच सामान्य आहे. त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. जाग येईल तेव्हा तो पुन्हा लावावा. ती वेळ दररोज साधारण एकच असेल, तर त्या सुमारास गळती किंवा दाब वाढतो का, ते यंत्राच्या नोंदींत तपासून घ्यावे.

१०. तोंड कोरडे पडते, नाक चोंदते, सकाळी पोट फुगलेले असते. हे असेच चालायचे का?

नाही, प्रत्येक तक्रारीला इलाज आहे. तोंड कोरडे पडते याचा अर्थ बहुधा झोपेत तोंड उघडते आणि हवा तिथून निसटते. हनुवटीचा पट्टा किंवा मोठा मास्क उपयोगी पडतो. नाक चोंदत असेल, तर झोपण्यापूर्वी सलाइनच्या थेंबांनी ते मोकळे करावे आणि यंत्रातील ह्युमिडिफायरची, म्हणजे हवेत ओलावा मिसळणाऱ्या पाण्याच्या टाकीची, पातळी वाढवावी. चोंदणे टिकून राहिले, तर नाकाचे हाड किंवा ॲलर्जी यांसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. पोटात हवा जाणे हे बरेचदा दाब जास्त असल्याचे चिन्ह असते. दाबाचा आढावा होईपर्यंत कुशीवर झोपणे आणि रात्रीचे जेवण लवकर घेणे बरे.

११. ह्युमिडिफायरमध्ये कोणते पाणी घालावे? नळीत पाणी साचून नाकावर थेंब पडतात. आणि हे सगळे धुवायचे कसे?

डिस्टिल्ड पाणी घालावे. उकळून गार केलेल्या पाण्यातील जंतू मरतात, पण क्षार तसेच राहतात आणि बोअरच्या पाण्याच्या गावांत महिनाभरात टाकीच्या तळाशी पांढरा थर बसतो. प्रवासात एखादी रात्र उकळलेले पाणी चालेल. टाकीतले उरलेले पाणी रोज सकाळी ओतून द्यावे.

नळीत थेंब जमतात ते उबदार दमट हवा थंड नळीला लागल्यामुळे. एसी लावून झोपणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. आर्द्रता एक-दोन पायऱ्या उतरवावी, नळीवर कापडी खोळ चढवावी आणि यंत्र पलंगाच्या पातळीखाली ठेवावे. कोकणात पावसाळ्यात ह्युमिडिफायर जवळजवळ बंद ठेवला तरी चालते. विदर्भातील उन्हाळ्यात तोच वाढवावा लागतो.

मास्कची गादी रोज कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावी. नळी, टाकी आणि पट्टे आठवड्यातून एकदा. डेटॉल, स्पिरिट किंवा ब्लीच वापरू नये, आणि कपड्यांप्रमाणे कडक उन्हात वाळत घालू नये, सिलिकॉन कडक होते. हवेचा फिल्टर काळवंडला की बदलावा. रस्त्यालगतच्या घरांत तो लवकर काळवंडतो. ओझोनने शुद्ध करणाऱ्या पेट्या घेऊ नयेत.

१२. रोज किती तास लावावे? आणि लावूनही थकवा जात नसेल तर?

जितके तास झोप, तितके तास यंत्र. ‘चार तास पुरे’ हा समज वापर मोजण्याच्या एका प्रचलित निकषातून आला आहे; उपचाराची ती पुरेशी मात्रा नाही. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत सैल असतात, आणि दोन वाजता मास्क काढणाऱ्याचा नेमका तोच काळ उघडा पडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत सुमारे २,७०० हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या रुग्णांमध्ये सीपॅपने पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. मात्र त्यांचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता. याच चाचणीत दिवसाची झोप आणि मनःस्थिती सुधारली. यंत्र हृदयविकार हमखास टाळते, असे म्हणूनच मी कोणालाही सांगत नाही.

थकवा टिकून असेल, तर आधी यंत्राच्या नोंदीतील तीन गोष्टी पाहाव्यात : वापराचे तास, गळती आणि यंत्र लावूनही उरलेला एएचआय, जो ५ पेक्षा कमी असावा. हे सगळे ठीक असेल, तर झोपेचे एकूण तासच कमी आहेत का, थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य किंवा झोप आणणारे एखादे औषध कारणीभूत आहे का, याचा शोध डॉक्टरांसोबत घ्यावा.

१३. वजन उतरवले, प्राणायाम केला किंवा शंख वाजवला, तर यंत्रातून सुटका होईल का?

वजन उतरल्याने आजार निश्चित कमी होतो आणि काहींचा पूर्ण जातो. पण ते दुसऱ्या चाचणीने सिद्ध झाल्याशिवाय यंत्र सोडू नये. टिर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी मान्यता दिली. ते मनाने घ्यायचे औषध नव्हे. सौम्य ते मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारी, दंतवैद्याने मापाने बनवलेली पट्टी हा चांगला पर्याय आहे.

शंखाबद्दल जयपूर येथे मध्यम आजाराच्या ३० रुग्णांवर सहा महिने अभ्यास झाला. नियमित शंखवादन करणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली आणि एएचआय सरासरी चार-पाचने उतरला. निष्कर्ष आशादायक आहे, पण अभ्यास लहान होता, आणि ३८ चा आकडा ३३ वर आल्याने यंत्र सुटत नाही. यंत्र चालू ठेवून खुशाल शंख वाजवावा.

१४. गावी लाइट जाते. प्रवासाचे काय? सर्दी झाली तर?

ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली, तर यंत्राला फारच कमी वीज लागते आणि घरच्या इन्व्हर्टरवर ते रात्रभर चालू शकते. गावी जाऊन पंचाईत होऊ नये म्हणून घरी एक रात्र प्रयोग करून पाहावा. विमानात यंत्र हातातल्या सामानातच न्यावे, टाकी रिकामी करावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. एखाद्या रात्री यंत्र लावणे शक्यच नसेल, तर कुशीवर, डोके उंच ठेवून झोपावे आणि मद्य किंवा झोपेची गोळी टाळावी. सर्दीत नाक पूर्ण बंद असेल, तर एक-दोन रात्रींचा खंड पडल्याने अनर्थ होत नाही.

१५. माझ्या आईला पेसमेकर आहे आणि आता गुडघ्याची शस्त्रक्रियाही ठरली आहे. काही वेगळी काळजी घ्यावी का?

दोन गोष्टी. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या चकत्या असतात. पेसमेकर, डिफिब्रिलेटर किंवा मेंदूतील धातूची क्लिप असणाऱ्यांनी असा मास्क वापरू नये. शेजारी झोपणाऱ्याकडे असे उपकरण असेल, तरीही हाच नियम. साध्या क्लिपचा मास्क मागून घ्यावा. दुसरे, भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाबद्दल आधीच सांगावे आणि यंत्र, मास्कसह, रुग्णालयात न्यावे. भूल व तीव्र वेदनाशामके घसा आणखी सैल करतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या झोपेत यंत्र सर्वाधिक गरजेचे असते.

१६. सीपॅप लावूनही श्वास थांबतो आणि रिपोर्टमध्ये ‘सेंट्रल’ घटना दिसतात. बाबांचे हृदयही कमजोर आहे.

सेंट्रल प्रकारात वाट उघडी असते, पण मेंदूकडून श्वासाचा आदेशच येत नाही. काहींमध्ये अशा घटना सीपॅप सुरू केल्यावर दिसतात आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. हृदय कमजोर असताना मात्र स्वतःहून यंत्र बदलणे धोक्याचे आहे. एएसव्ही या, प्रत्येक श्वासागणिक दाब बदलणाऱ्या, प्रगत यंत्रावरील २०१५ च्या मोठ्या चाचणीत, हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के किंवा त्याहून कमी आणि प्रामुख्याने सेंट्रल ॲप्निया असलेल्या रुग्णांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. २डी इकोचा रिपोर्ट झोपेच्या डॉक्टरांसमोर ठेवल्याशिवाय असे यंत्र घेऊ नये.

१७. माझा सहा वर्षांचा मुलगा घोरतो. त्यालाही यंत्र लागेल का?

बहुधा नाही. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल व ॲडेनॉइड हे मुख्य कारण असते आणि ते काढणे हा सहसा पहिला उपचार असतो. प्रश्न २ मधील आकडे मुलांना लागू होत नाहीत. त्यांच्यात तासाला एकाहून जास्त घटनाही असामान्य धरतात. अशी मुले दिवसा पेंगण्याऐवजी बरेचदा अतिचंचल होतात, अंथरूण ओले करतात, अभ्यासात मागे पडतात, आणि बोलणी खातात.

१८. मी रात्रपाळीचा ट्रकचालक आहे. निदान लपवले नाही तर काम जाईल अशी भीती वाटते.

ही भीती मला समजते. पण उपचार न घेतलेल्या आजारात स्टिअरिंगवर लागणारी डुलकी सांगून येत नाही, आणि काच खाली करणे, चहा पिणे किंवा गाणी मोठ्याने लावणे यांचा परिणाम फार काळ टिकत नाही. नियमित उपचार घेणारा, यंत्रातील नोंदी दाखवू शकणारा चालक हा निदान लपवणाऱ्यापेक्षा मालकासाठीही अधिक भरवशाचा असतो, हे डॉक्टरांच्या पत्रासह सांगावे. झोप दिवसा घेत असाल, तर यंत्र दिवसा लावावे. ट्रकच्या बॅटरीवर यंत्र चालवायचे असेल, तर त्या मॉडेलसाठी बनवलेला डीसी कन्व्हर्टरच घ्यावा आणि केबिनमध्ये झोपतानाही मास्क लावावा. उपचार स्थिर होईपर्यंत रात्रीची लांब फेरी मागू नये. तोवर डोळे जड होताच गाडी ढाब्यावर उभी करून वीस मिनिटे झोपावे.